अर्ध्यावर उठलेली पंगत

कच्चा कोळसा पेटवायचा तर शेगडी आधी अंगणात मांडावी लागते. खाली गोवरीचे तुकडे, वर दोन काटक्या, त्यावर फोडलेला कोळसा, आणि मग पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचं. सुरुवातीला नुसता धूर निघतो. पिवळसर, जड, घसा धरणारा. तो पुरता जाऊन कोळसा आतून लाल झाला की मगच शेगडी उचलून आत न्यायची. नागपूरजवळच्या कन्हान, कांद्री, टेकाडी या पट्ट्यात खाणीच्या आसऱ्यानं वाढलेल्या घरातल्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. सिलिंडर आले तरी डिसेंबरात आंघोळीचं पाणी पुष्कळ अंगणांत अजून असंच तापतं.

त्या धुरात घसा धरतो तो गंधक. कोळसा दगडासारखा दिसत असला तरी गंधक त्यात दगडातून आलेला नाही. थोडा मूळच्या झाडपाल्याचा, थोडा पुढे फटींतून फिरलेल्या पाण्यानं आणलेला आणि काही चक्क जीवाणूंनी करून ठेवलेला. हवा न पोचणाऱ्या चिखलात काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्याला चिखलातलं लोह भेटलं की पायराइट तयार होतो. कोळशाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पायराइटच्या अगदी बारीक कणांचे गोल गोल पुंजके दिसतात. एवढाच त्या जीवाणूंचा मागे राहिलेला पुरावा. त्यांची शरीरं कधीच विरली, त्यांच्या श्वासाचा खडा तेवढा राहिला.

आमच्याकडच्या कोळशात हे प्रमाण कमीच. गोंडवन काळातल्या कोळशात गंधक साधारणपणे एक टक्क्याच्या आत असतो. आसाम-मेघालयातल्या कोळशात तो त्याच्या कितीतरी पट, कारण तिकडच्या दलदलींना समुद्र लागून होता आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. कामठी कोळसाक्षेत्राची दलदल गोड्या पाण्याची होती. आज कन्हानच्या अंगणातला धूर निदान सोसवतो, तो 28-29 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र जवळ नव्हता म्हणून.

शाळेत कोळशाची गोष्ट फार घाईनं सांगतात. जंगलं होती, भूकंप झाले, जंगलं गाडली गेली, वरून दाब आणि उष्णता, झाला कोळसा. मला ही गोष्ट कधीच पटली नाही, कारण तिच्यात चिखल नाही. झाडं एका धक्क्यानं गाडली जाऊन कोळशाचे असे सलग, मैलोन्‌मैल पसरलेले थर होत नाहीत. आधी हजारो वर्षं एकाच जागी पाणी साचून राहावं लागतं, त्यात पानं, फांद्या, मुळं पडत राहावी लागतात आणि ती पुरती कुजू नयेत अशी व्यवस्था लागते. तो अर्धवट कुजलेला, तपकिरी, पाण्यानं गच्च भरलेला साठा म्हणजे पीट. पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट ही चार नावं आपण भूगोलात पाठ केलेली असतात आणि त्यातलं पहिलंच सर्वांत आधी विसरतो. साहजिक आहे. आपल्याकडं ते पाहिलंय कुणी? निलगिरीच्या माथ्यावरच्या काही दऱ्यांत ते सापडतं. बाकी पीट म्हटलं की आयर्लंड, स्कॉटलंड, सैबेरिया. लांब फावड्यानं विटांसारखं कापून काढलेलं, उन्हात रचून वाळवलेलं, चुलीत जाळलेलं.

पण कन्हानच्या पायाखाली ते होतं. गंमत म्हणजे तेही सैबेरियाच्या जातीचं, थंड मुलखातलं. आपला भूभाग तेव्हा गोंडवन महाखंडाचा हिस्सा होता आणि आजच्यापेक्षा फार दक्षिणेला, ध्रुवाच्या बाजूला होता. कोळशाच्या थरांच्याही खाली तालचेर नावाचे खडक आहेत. त्यात सापडणारे गोटे हिमनद्यांनी वाहून आणलेले. बर्फ मागे सरला, खोलगट जागी वितळलेलं पाणी साचलं, नद्या नागमोडी झाल्या, काठांवर दलदल माजली. मे महिन्यात 46-47 अंशांत भाजून निघणाऱ्या नागपूरकराला इथे कधी हिमनद्या होत्या असं सांगा. तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून पाहील.

त्या दलदलीत उभं होतं ते ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्हीकडं बारीक जाळी. ही झाडं हिवाळ्याआधी पानं गाळत असावीत, कारण दगडात पानांचे ठसे एकटेदुकटे नाही, एकमेकांवर पडलेल्या ढिगासारखे मिळतात. कन्हान नदीच्या काठी, कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडात असे ठसे पहिल्यांदा नीट गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं. तो 1845 मध्ये नागपुरात आला, शाळा चालवल्या, गोंड लोकांच्या कथा-गाणी टिपली आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन फिरला. त्यानं पाठवलेल्या पानांचं वर्णन चार्ल्स बनबरी यानं 1861 मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापलं. दोनच वर्षांनी, 1863 च्या सप्टेंबरात, टाकळघाटाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना माहीत असतं. सिलेवाड्याची पानं सहसा नसतात. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत 'कामठी' हे आमच्या शेजारच्या छावणीचं नाव एका खडकसमूहाला चिकटलेलं आहे. सिलेवाड्याचे ठसे त्या समूहातले, म्हणजे कोळशाच्या थरांपेक्षा वरचे आणि वयानं लहान. पण झाड तेच, आणि त्याची पानं खालच्या दलदलीतही तशीच पडत होती.

पानं पडली म्हणजे जेवण आलं. आता जेवणारे कोण, हे पाहायचं.

पाणथळ चिखलात सूक्ष्मजीवांची पंगत बसते आणि तिला कडक क्रम असतो. पहिला मान ऑक्सिजनवर जगणाऱ्यांचा. ते सगळ्यात भराभर खातात, आणि खाता खाता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन इतक्या झपाट्यानं संपवतात की वीतभर खाली त्याचा मागमूस नसतो. त्यांच्यामागून नायट्रेटवाले. मग मँगनीजवाले, मग लोहवाले, मग शेगडीच्या धुरात भेटलेले सल्फेटवाले. प्रत्येक पायरीला हाती लागणारी ऊर्जा कमी होत जाते, म्हणून वरच्या मानाचे असेपर्यंत खालच्यांना पानावर बसायला मिळत नाही. (मनसर आणि गुमगावच्या मँगनीज खाणी आमच्यापासून जवळच. त्या मँगनीजचा या चिखलाशी काही संबंध नाही, ते फार फार जुनं आहे. पण श्वासासाठी मँगनीज वापरणारे जीव आहेत हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या खाणींकडं जाणारे ट्रकच आठवले.)

सगळ्यात शेवटी बसतात ते मिथेन करणारे. त्यांच्या वाट्याला येतो तो दुसऱ्यांनी आंबवून टाकलेला माल: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल. त्यापासून ते मिथेन बनवतात आणि त्या व्यवहारात जेमतेम पोटापुरतं मिळवतात. दिसायला जीवाणूंसारखे, पण ते जीवाणू नव्हेत. 1977 मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या रायबोसोममधल्या आरएनएची जुळणी करून पाहिली, तेव्हा ते जीवाणूंपासून फार लांबचे निघाले. सजीवांची एक वेगळीच शाखा. तिला पुढे आर्किया म्हणू लागले. दलदलीच्या तळाशी उष्ट्यावर जगणाऱ्यांनी जीवशास्त्राच्या वंशवृक्षाला तिसरी फांदी दिली.

या शेवटच्यांबद्दल एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या आधी बसलेले आंबवणारे जीव हायड्रोजन सोडतात, आणि तो आजूबाजूला साचला तर त्यांचं स्वतःचंच काम अडतं. रसायनशास्त्राचा हिशेब तोट्यात जातो. मिथेन करणारे तो हायड्रोजन लगोलग उचलून नेतात म्हणून वरच्यांना पुढचा घास घेता येतो. उष्टी काढणारा हात थांबला की पुढची पंगत बसत नाही. आपल्याकडच्या लग्नांत ही गोष्ट यजमानाला ठाऊक असते, पाहुण्याला नसते.

पण मग सगळं व्यवस्थित खाऊन संपायला हवं होतं. कोळसा उरला कसा?

पीट साचतं ते पंगत अर्ध्यावर उठते म्हणून. थंडी, आम्ल, आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनचा अभाव. लाकडातलं लिग्निन आणि फेनॉलच्या जातीचे इतर पदार्थ फोडायला फेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि त्याला ऑक्सिजन हवा. तो नसला की फेनॉल साचतात. साचलेले फेनॉल उरलेल्या एन्झाइमांनाही निकामी करतात. वेल्समधल्या ख्रिस फ्रीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा लक्षात आलं की जगभरच्या पीटमधला एवढा प्रचंड कार्बन एका लहानशा कडीवर अडून आहे. पीट जमिनीचा जेमतेम 3 टक्के भाग व्यापतं, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या उभ्या झाडोऱ्यात आहे त्याहून जास्त कार्बन त्यात आहे. आणि ही कडी बाहेरून हवा शिरली की उघडते. चर खणून पाणी काढून टाकलं की पीट कुजू लागतं, वाळलं की पेटतं. 2015 मध्ये इंडोनेशियात महिनोन्‌महिने धुमसत होतं ते हेच.

ताटात काय काय तसंच राहू शकतं? डेन्मार्कमध्ये 1950 मध्ये टॉलुंडच्या दलदलीत पीट कापणाऱ्यांना एक माणूस सापडला. चेहरा इतका ताजा की पोलिसांना कळवलं गेलं. तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा निघाला. हनुवटीवर दाढीचे खुंट, पोटात शेवटच्या जेवणाची धान्याची पेज. त्याला खायला कुणी धजावलं नव्हतं असं नाही, कुणाला खाताच आलं नव्हतं.

इथे एका लोकप्रिय गोष्टीला फाटा द्यायला हवा. कोळसा झाला कारण तेव्हा लाकूड कुजवणारी बुरशीच जन्मली नव्हती, असं हल्ली जो तो सांगतो. ऐकायला झकास आहे. पण अंटार्क्टिकात पर्मियन काळातलं, म्हणजे आमच्या कोळशाच्याच युगातलं, दगड झालेलं लाकूड सापडलंय आणि त्यात बुरशीनं पोखरलेल्या जागा स्पष्ट दिसतात. बुरशी होती. भूक होती. कोरडा चिखल नव्हता. कोळशाचं श्रेय कुणा न जन्मलेल्या बुरशीला देण्यापेक्षा साचलेल्या पाण्याला द्यावं, असं माझं मत. त्या पाण्यानं स्वतः काहीच केलं नाही, फक्त हवा अडवून धरली.

त्या पाण्यात ग्लॉसोप्टेरिसची मुळं तरी जगली कशी? त्यांच्या मुळांच्या जीवाश्मांना व्हर्टेब्रेरिया असं वेगळं नाव आहे. मूळ आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते आणि आऱ्यांच्या मध्ये पोकळ्या. हवेच्या. वरून खाली हवा नेणारे नळच म्हणा. दलदलीत पाय रोवून उभं राहायचं तर स्वतःची हवा स्वतःच खाली न्यावी लागते.

हे बघायला जीवाश्मांचं संग्रहालय लागत नाही. कन्हानहून मौद्याकडं किंवा रामटेककडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या सुरू होतात. धानाच्या. जुलै-ऑगस्टात रोवणीच्या दिवसांत चिखल घोटाभर, पाणी त्याच्यावर, बायका ओणव्या होऊन मागे मागे सरकत पऱ्हे रोवत असतात. एखादं रोप उपटून मूळ नखानं चिरलं तर आत मोकळी जागा दिसते, ओल्या चिखलातलं मूळ असूनही हलकं, भुसभुशीत. धानानंही तोच नळ बसवला आहे. आणि मुळाभोवतीची माती नीट पाहिली तर तिला तांबूस पापुद्रा आलेला असतो. तो लोखंडाचा गंज. काळपट, हवाबंद चिखलात मुळातून झिरपलेल्या ऑक्सिजननं धरलेला. केसाएवढ्या जाडीच्या त्या तांबूस रेघेत पंगतीतला पहिला मान पुन्हा सुरू झालेला असतो.

तिथे मिथेन खाणारे राहतात. त्यांना खालून मिथेन हवा आणि वरून ऑक्सिजन, म्हणून ते नेहमी शिवेवर असतात. थंड देशांतल्या पीटमध्ये ते स्फॅग्नम या शेवाळाच्या मेलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या पेशींत घर करतात. मिथेन जाळून त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ते शेवाळ वापरतं; डच संशोधकांनी 2005 मध्ये मोजलं तेव्हा शेवाळाच्या कार्बनचा दहा-पंधरा टक्के भाग या वाटेनं आलेला निघाला. दलदल स्वतःचाच श्वास परत ओढते. आपल्या धानाच्या बांधीतही असे जीव आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाला महाराष्ट्रात नाव मिळालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भातशेतीतल्या मुळांजवळून एक मिथेन खाणारा जीवाणू वेगळा काढला. नवी जात नव्हे, नवा वंशच. लांबट, जाडसर, जीवाणूंच्या मानानं अंगानं मोठा. आकारावरून 2018 मध्ये नाव ठेवलं मिथायलोकुक्युमिस ओरायझी. भाताची मिथेनखाऊ काकडी! शास्त्रज्ञ लोक रुक्ष असतात असं म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहावं.

तरीही बराच मिथेन निसटतो. त्यातला बहुतेक बुडबुड्यांतून जात नाही, रोपातून जातो. हवा खाली आणणारा तोच नळ मिथेनला वर नेतो. बांधावर उभं राहून हिरव्यागार धानाकडं बघताना हे डोळ्यांना मुळीच दिसत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. म्हणून मध्ये एखादा आठवडा बांधीतलं पाणी उतरू द्यावं, जमिनीला हवा लागू द्यावी, मग पुन्हा भरावं, असं कृषी खात्याची माणसं सांगू लागली आहेत. पेंचच्या कालव्याचं पाणी हवं तेव्हा मिळण्याची ज्याला खात्री नाही, तो शेतकरी भरलेली बांधी आपल्या हातानं फोडेल का, हा प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाहेरचा आहे.

मग इथल्या बांध्यांत पीट का साचत नाही? पाणी आहे, चिखल आहे, पंगत तीच आहे. उत्तर एप्रिल-मे महिन्यांत मिळतं. धान कापून झालेलं असतं, जमीन पांढरी पडते आणि तिला भेगा जातात. हात कोपरापर्यंत आत जाईल अशा. त्या भेगांतून हवा खाली उतरते, पहिल्या मानाचे परत येतात आणि पावसाळ्यात अर्धं राहिलेलं सगळं उरकून टाकतात. म्हणून आमच्या मातीत सेंद्रिय कर्ब टिकत नाही, म्हणून तलावातला गाळ उपसून शेतात टाकायची जुनी रीत. विदर्भाचा उन्हाळा ताटात काही ठेवत नाही.

गोंडेगावची खुली खाण काठावरून पाहिली की उलटं दृश्य दिसतं, म्हणजे ताटात राहिलेलं सगळं. वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) आणि पर्यटन महामंडळानं काही वर्षांपूर्वी सहली काढल्या तेव्हा शहरातली माणसं हौसेनं बघायला आली होती. वर पिवळी माती, मग वाळूचा दगड, आणि खाली काळा पट्टा, त्यावर चढ-उतर करणारे डंपर एवढेएवढेसे. त्या पट्ट्याच्या उंचीचा हिशेब वर्षांत करता येतो. पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर साचतं. एक मीटर कोळशाला कित्येक मीटर पीट दाबून बसवावं लागतं. म्हणजे कोळशाचा एक मीटर म्हणजे हजारो हिवाळ्यांची पानगळ. कोळशाचा डल्ला हातात घेतला तर त्यात चकचकीत आणि मंद अशा बारीक पट्ट्या आलटून पालटून असतात. मधूनच एखादी पट्टी मऊ, रेशमी, बोटाला काळं लावणारी. तिच्यातला पुष्कळसा भाग त्या काळच्या वणव्यांत जळालेल्या लाकडाचा. दलदलीत वणवे? लागत होते. चांगला उन्हाळा पडला की वरचा थर वाळत असणार. बाकीच्या पट्ट्यांचा कोळसा बोटाला एवढा लागत नाही.

आणि त्या काळ्या पट्ट्यात वायू कोंडलेला असतो. आमच्या गल्लीत भूमिगत खाणीतून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत, मायनिंग सरदार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी आत जाऊन हवा तपासायची, मगच माणसं सोडायची, हे त्यांचं काम. सेफ्टी लॅम्प पकडायची पकड त्यांच्या हातातून अजून गेलेली नाही. पाण्याचा तांब्याही तसाच धरतात. "ज्योत बारीक कराची न् छताकडं हळूहळू न्याची," ते दाखवतात. "वर निळी टोपी दिसली का समजाचं, गॅस आहे. दिवा झटक्यानं नाही खाली घ्याचा." हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. हंफ्री डेव्हीनं 1815 मध्ये ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली, ती याचसाठी. काकाजींना डेव्हीचं नाव माहीत आहे. मिथेन पहिल्यांदा चिखलातून पकडणाऱ्या व्होल्टाचं नव्हतं. 1776 मध्ये इटलीतल्या माजोरे सरोवराच्या काठी त्यानं काठीनं तळ ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्यानं भरलेल्या बाटलीत गोळा केले आणि पेटवून पाहिले. मी सांगितलं तेव्हा काकाजींनी एवढंच विचारलं, "जवळ माणसं किती होते?"

खाणीतला सगळा वायू काही सूक्ष्मजीवांचा नसतो. बराचसा पुढे, खोल गेल्यावर, उष्णतेनं कोळसा शिजताना सुटलेला असतो. पण सूक्ष्मजीव तिथून उठून गेले, असंही म्हणता येत नाही. जपानच्या शिमोकिता द्वीपकल्पाजवळ 2012 मध्ये समुद्रतळाखाली जवळजवळ अडीच किलोमीटर भोक पाडलं गेलं. तिथल्या कोळशाच्या थरांत, सुमारे दोन किलोमीटर खोलीवर, जिवंत सूक्ष्मजीव सापडले. अत्यंत थोडे, अत्यंत हळू, पण मिथेन करत बसलेले. आणि त्यांची जातकुळी समुद्रातल्या चिखलापेक्षा रानातल्या मातीशी जुळणारी. कोळसा जेव्हा दलदल होता, तेव्हाच्या पंगतीतले वंशज.

वरच्या बाजूला मात्र कारभार फार वेगानं चालतो. खाणीत कोळसा उघडा पडला की त्याला हवा लागते, तो आतल्या आत तापतो आणि काही वेळा आपोआप धुमसायला लागतो. ढिगावरून पहाटे वाफ निघताना दिसते, पाणी मारणारे टँकर फिरत असतात. उरलेला कोळसा मालगाडीनं नाहीतर पट्ट्यानं खापरखेड्याला, कोराडीला जातो. तिथे त्याचं पीठ करून बॉयलरमध्ये फुंकतात आणि कण दोन-एक सेकंदांत जळून जातो. पहिल्या मानाच्या जेवणाऱ्यांना ऑक्सिजन पुरला असता तर त्यांनी हेच केलं असतं, अगदी हेच. तोच कार्बन, तोच ऑक्सिजन, शेवटी तोच कार्बन डायऑक्साइड. नागपूरच्या दिव्यांत आणि कूलरमध्ये ती राहिलेली पंगत उरकली जाते आहे. जे उरतं ते राख, आणि आमच्या कोळशात राख फार. त्या दलदलीत नद्यांनी पुराबरोबर आणून टाकलेला गाळच तो, झाडाच्या पानांमध्ये बसलेला. तो तेव्हाही कुणाला खाता आला नव्हता, आताही जाळता येत नाही.

आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात एवढ्यात एक प्रचंड पीट सापडलं. सापडलं म्हणजे तिथल्या लोकांना होतंच माहीत, बाहेरच्यांनी 2017 मध्ये त्याची मोजणी जाहीर केली. सुमारे 1 लाख 45 हजार चौरस किलोमीटर, त्यात सुमारे 30 अब्ज टन कार्बन. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं क्षेत्र. तिथे आज जे चाललंय तेच कन्हानला पर्मियन काळात चाललं होतं, फरक एवढाच की तिथे उकडतं आणि इथे तेव्हा गारठा होता.

खाणी बंद पडल्या की त्यांच्या खड्ड्यांत पाणी साचतं. आमच्याकडंही आहेत असे तलाव. मधोमध भयंकर खोल, निळसर, पोरांना तिकडं फिरकू देत नाहीत. पण एखाद्या कडेला माती ढासळून उथळ झालेलं असतं, तिथे रामबाण उगवतो, बेशरम फोफावते, काठाला पाय टाकला की काळा चिखल घोटा गिळतो. त्या चिखलात काठी खुपसली तर बुडबुडे येतात. गेल्या हिवाळ्यात मी काकाजींना बळंच तिकडं नेलं. पाण्याखाली बाटली उलटी धरली, तोंडाला नरसाळं लावलं आणि व्होल्टानं केलं तसं ढवळत राहिले. बाटली निम्मी भरायला बराच वेळ गेला. मग ती वर काढून तोंडाशी काडी धरली. भप्प आवाज, क्षणभर निळसर ज्योत, आणि संपलं. उन्हात ती नीट दिसलीही नाही.

काकाजी माझ्यापासून हातभर मागे सरकलेले. त्यांनी आधी वाऱ्याची दिशा पाहिली, मग बाटली हातात घेऊन आत नाक घातलं.

"वास नाही याले," ते म्हणाले. "असाच असते." मग बाटली माझ्या हातात परत देत त्यांनी मला झापलं. "पण तू उलटं केलं, बाई. गॅस आहे हे आधीच माहीत होतं ना तुले? मंग काडी कशाले लावली? माहीत असलं तं आधी माणसं बाहेर काढाची."